ओव्या-लसणावरची पिल्लं

सांडोर गावात केळीच्या वाडीमागे सालोमीच्या तीन डुकरिणी होत्या. धंदा सासूपासून चालत आलेला. पिल्लांचं दूध तोडलं की आठवड्याभरात त्यांना हगवण लागायची, म्हणून खाद्यात अँटिबायोटिकची पावडर कालवायची, हा घरचा नेम. पिल्लं आजारी असोत नसोत, पावडर सगळ्यांनाच.

चार वर्षांपूर्वी सालोमीला लघवीचं इन्फेक्शन झालं आणि एकामागून एक तीन औषधं फुकट गेली. अकरा दिवस ती इस्पितळात होती. डॉक्टरीणबाईंनी घरी काय करता म्हणून विचारलं. पावडरीचं ऐकून त्या म्हणाल्या, तुमचं दुखणं त्यानेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, पण जंतू असेच औषधाला निर्ढावतात. सालोमीने घरी येताच पावडर बंद केली.

गुरांच्या डॉक्टरांना विचारून तिने लसूण, ओवा, हळद आणि आंबट ताक कोंड्यात कालवायला सुरुवात केली. दूध उशिरा तोडायचं आणि गोठा कोरडा ठेवायचा, हेही त्यांनी बजावलं होतं. तरी पहिल्या वेताची अकरांतली चार पिल्लं गेली. सालोमी दोन दिवस धड जेवली नाही. तिचा नवरा व्हिव्हियन कुदळ घेऊन वाडीत गेला. पिल्लं त्यानेच पुरली.

पुढच्या वेतात मात्र एकही दगावलं नाही. त्याच्या पुढच्या वेतांतही नाही. सालोमीच्या अंगात बळ आलं. चर्चच्या महिला मंडळाने तिला बोलायला बोलावलं. गोठ्यात काय चाललंय ते आधी कळायला हवं, असं ती तिथे ठासून बोलली. आगाशीहून आलेली पॉलिन सगळं वहीत उतरवून घेऊन गेली आणि तिनेही पावडर सोडली.

दोन महिन्यांनी पॉलिनची नऊ पिल्लं आठवड्यात मेली. सालोमी तिच्याकडे गेली, गोठा फिरून पाहिला, कोपऱ्यातली ओल दाखवली. म्हणाली, "मिश्रणात खोट नाही, बाय. तू साफसफाईत कमी पडलीस." पॉलिनचा नवरा तिथेच दारात उभा होता.

या मार्चमध्ये व्हिव्हियनचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. आठवडाभर तो मुंबईला त्यांच्या लेकीकडे, ज्युलीकडे राहणार होता. तो गेल्याच्या चौथ्या दिवशी नुकतीच दूध तोडलेली पिल्लं हगायला लागली. सालोमीने ओवा वाढवला, ताक वाढवलं. दुसऱ्या सकाळी दोन पिल्लं उठेनात. तिने घाबरून व्हिव्हियनला फोन केला. 

तो म्हणाला, "कोंड्याच्या पिंपामागे पत्र्याचा डबा आहे. त्यातली पावडर दे."

"कधीपासून घालतोयस?"

"ती चार मेल्यापासून. तुझं मन मोडवेना मला."

गुरांचे डॉक्टर गावात नव्हते. पिल्लं धापा टाकत होती. सालोमीने डबा काढला आणि आपल्या हातांनी पावडर कालवली. दोन गेली, बाकीची वाचली.

त्या रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर ती आगाशीला गेली आणि पॉलिनला सगळं सांगितलं. पॉलिनने तिला बसायलाही सांगितलं नाही. तिची डुकरं तिने केव्हाच विकून टाकली होती.

"पिल्लं मेली ते मी सोसलं," ती म्हणाली. "पण माझ्या नवऱ्यासमोर तू मला गलिच्छ म्हणालीस. तो अजून तेच म्हणतो."

सालोमी तशीच माघारी फिरली.

व्हिव्हियन काळा चष्मा लावून घरी आला, तेव्हा तिने त्याला जेवायला वाढलं. तुझ्यासाठीच केलं, असं तो पुन्हा म्हणाला. "माझ्यासाठी केलंस," ती म्हणाली, "आणि मला लोकांसमोर खोटं बोलायला उभं केलंस." 

गुरांच्या डॉक्टरांनाही तिने विचारलं. मधल्या सगळ्या वेतांत ओव्या-लसणाने किती वाचवली नि पावडरीने किती, हे आता कुणालाच सांगता येणार नाही, असं ते म्हणाले. जे समजून घ्यायला तिने चार वर्षं घातली, नेमकं तेच हातचं गेलं होतं.

सालोमीने दोन डुकरिणी काढून टाकल्या. उरलेलीचं खाद्य ती स्वतः कालवते आणि पिंपाच्या खोलीला कुलूप लावते. किल्ली तिच्या कमरेला असते. महिला मंडळाने पुन्हा बोलावलं, तेव्हा तिने नाही म्हणून कळवलं.