खारेपाटात दोन सायकली

भाऊच्या धक्क्यावर आमच्या सायकली आगबोटीत चढवताना एका खलाशाने मला विचारले, पोहता येते का. मी नाही म्हणालो. त्यावर त्याने मला कठड्यापासून दूर, अगदी मधोमध नेऊन बसवले, आणि रेवस येईपर्यंत मी तिथून हललो नाही.

मी जात्याच भित्रा आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढे कोणाची निराशा नको. कुत्री, खोल पाणी, साहेबाची हाक, कौलांवरून चालणारे मांजर, सगळ्यांना मी घाबरतो. माझे मेहुणे नाना याच्या अगदी उलट. विलायतेत कुठल्याशा नदीच्या मुखाशी सपाट मुलूख आहे आणि तिथे लोक हौसेने सायकली फिरवतात, असे त्यांनी एका मासिकात वाचले होते. तसला मुलूख आपल्या दाराशी असताना घरात बसायचे कशाला, असा त्यांचा सवाल. मी निघालो तो ताईच्या सांगण्यावरून. ताई माझी थोरली बहीण, नानांची बायको. "ह्यांना एकटं सोडू नकोस. ह्यांना पुढचं दिसत नाही," असे तिने मला बजावले होते. ज्याला सदानकदा पुढचेच दिसते, असा सोबती तिने नेमका निवडला होता.

रेवसला नानांच्या ओळखीच्या एका कारकुनाकडे मुक्काम केला. तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे आणि पांढरा कांदा असे फक्कड जेवण झाले. आम्हांला पोयनाडवरून अलिबागला जायचे होते. पोयनाडपर्यंत सडकेनेच जा, असे यजमानांनी निक्षून सांगितले. दुसऱ्या दिवशी अमावास्या होती, म्हणजे उधाण (त्या दिवशी भरतीचे पाणी नेहमीपेक्षा फार वर चढते). नानांनी मान डोलावली. सकाळी गाव मागे पडताच त्यांनी सायकल सरळ बांधावर घातली.

हा बांध म्हणजे खारेपाटाचा, खाडीकाठच्या त्या खारवट सपाट मुलखाचा, जीव. डाव्या हाताला खाडी, तिचा काळा चिखल आणि त्यात उभी तिवरे (खाऱ्या पाण्यात वाढणारी झाडे). उजव्या हाताला कापणी झालेली भातखाचरे, पार डोंगराच्या पायथ्यापर्यंत सपाट. थंडीचे दिवस होते, हवा स्वच्छ होती, चिखलात निवट्या मासे टुणटुण उड्या मारत होते. मुलूख देखणा खरा. पण भरती आली की पाणी या शेतांपेक्षा उंच असते आणि मध्ये फक्त हा मातीचा बांध, हे नानांनी मला मोठ्या कौतुकाने समजावून दिले. त्यानंतर मला देखणे काही दिसेना.

पहिले गाव लागले ते सगळे सुने. चुलींचा धूर निघत होता, विहिरीवर अर्धी भरलेली कळशी होती, पण माणूस नाही. मुख्य म्हणजे एकही पोर नाही. आमच्या मुलखात सायकलची घंटा वाजली की पोरांचे लेंढार मागे लागते. इथे एक कोंबडे तेवढे आडवे गेले. एका ओटीवर बाळाची झोळी अजून हलत होती आणि आत बाळ नव्हते. नाना म्हणाले, कामाला गेले असतील सगळे. तान्ही बाळेही का, असे विचारायचे माझ्या ओठांवर आले होते, पण उत्तराची भीती वाटली.

पुढच्या गावाच्या अलीकडे बांध अरुंद झाला. तिथे एक उघाडी होती (बांधातून पाणी सोडायचे लाकडी दार). तिच्या बाजूची माती खेकड्यांनी पोखरलेली. नानांचे पुढचे चाक त्यात खचले आणि नाना, त्यांची खाकी अर्धी विजार, साहेबी थाटाची सोलाची टोपी आणि सायकल असे सगळे मिळून खाडीच्या बाजूला घसरत गेले. प्रथम ते हसले. गुडघ्याइतक्या चिखलात उभे राहून टोपी शोधू लागले. मग पाय उचलायला गेले तर मांडीपर्यंत रुतले. एक पाय सायकलच्या सांगाड्यात अडकला होता. मी उतारावर पालथा पडून हात दिला, पण मीच खाली ओढला जाऊ लागलो. तेवढ्यात तिवरांच्या मुळांतून पाण्याची एक धार आली, आणि तिच्यामागून दुसरी. भरती लागली होती.

"दत्तू," नाना म्हणाले, "माणसं बोलाव." त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

माणसे होती. शेताच्या टोकाला पाच-सहा जण उभे राहून आमच्याकडे पाहत होते. मी हात हलवले, धावा म्हणून ओरडलो. कोणी हलले नाही. मी त्यांच्या दिशेने धावलो तर ते मागे सरले. त्यांच्या हातांत कोयते होते. पुलांच्या आणि बांधांच्या पायात माणूस पुरतात, अशा ऐकलेल्या गोष्टी मला त्या क्षणी आठवल्या, आणि माझी खात्री झाली की हे लोक पाणी वर येण्याची वाट पाहताहेत. नानांना बांधाने घेतले की झाले.

जवळच बांधालगत भाताच्या पेंढ्याची मोठी उडवी रचलेली होती. चिखलावर पेंढा टाकला तर त्यावर पाय ठरेल, एवढे मला सुचले. मी उडवीकडे वळलो मात्र, ते सगळे एकदम धावून आले. एकाने कोयता उगारला. "उरवीला हात लावू नको," तो म्हणाला. "थयंच थांब."

मूठभर पेंढ्यासाठी कोणी माणूस मारील, हे माझ्या डोक्यात शिरेना. मी हात जोडले. माझा मेहुणा बुडतोय, माझ्या बहिणीचा नवरा आहे तो, असे काहीबाही सांगू लागलो. त्यांचा पुढारी जोमा म्हणून एक उंच गडी होता. त्याने माझ्या सायकलवरच्या गोणीकडे बोट दाखवले. गोणीत काय आहे ते दाखव म्हणाला. मी गोणी उलटी केली. दोन घोंगड्या, स्टोव्ह, चिवड्याचा डबा. त्याने घोंगड्याही झटकायला लावल्या. तिकडे नाना मला हाका मारत होते, आणि प्रत्येक हाक आधीच्या हाकेपेक्षा लहान होती.

"खारीवर पूल होतोय," जोमा म्हणाला. "खांब ठरत न्हाय. त्याला मानसं लागतात. तुमी न्यायला आलाव."

तेव्हा कुठे मला उलगडा झाला. टोपी, खाकी विजार, गोणी. जे मी त्यांच्याबद्दल समजत होतो, तेच ते आमच्याबद्दल समजत होते. मी तिथेच बसलो आणि लहान मुलासारखा रडू लागलो. हातपाय लटलट कापत होते. लाज वाटायलाही सवड नव्हती. ताईला मी कोणत्या तोंडाने सांगणार, हेच डोक्यात घुमत होते.

त्यांच्यात एक पिकल्या केसांची बाई होती, जोमाची आई, बारकीबाय. ती जवळ आली, वाकली आणि तिने माझा हात आपल्या हातात धरला. किती वेळ धरला कोण जाणे.

"जोमा," ती म्हणाली, "ह्यो कापतोय बघ. मानसं धरनारा असा कापत न्हाय."

"सोंग असंल, आये."

"अंगाला घाम सोंगाचा येत न्हाय. चल, पेंढा काढ."

कोणी पुढे होईना. एक तरणी बाई उडवीला पाठ लावून उभी राहिली आणि मान हलवू लागली. मग बारकीबायने तिला बाजूला केले आणि स्वतःच पेंढ्या ओढायला सुरुवात केली. दहा-बारा पेंढ्या निघाल्या तोच आत पोकळी दिसली, आणि त्या पोकळीत एकमेकांना चिकटून बसलेली पोरे. सगळ्या गावची असावीत. एकीच्या मांडीवर तान्हे मूल होते आणि तिने त्याचे तोंड हाताने झाकले होते. ती सगळी माझ्याकडे पाहत होती. मी मान फिरवली, कारण तसे पाहणे मला सोसवेना.

पुढचे भराभर झाले. बाप्यांनी पेंढ्या चिखलावर अंथरल्या, जोमा त्यांवर पालथा पडून सरकत गेला, कोयत्याने चिखल कापून त्याने नानांचा पाय मोकळा केला. पाणी नानांच्या छातीला लागले होते. दोर लावून सगळ्यांनी ओढले, मीही ओढले. नाना वर आले तेव्हा त्यांचे दात वाजत होते आणि ते मला सोडायला तयार नव्हते.

दुपारी आम्ही बारकीबायच्या ओटीवर पेज (भाताची पातळ कांजी) पीत बसलो होतो. नानांच्या घोट्याला हळदीचा लेप लावला होता. पुलाची आवई कोणी उठवली, ते गावात कोणालाच नीट सांगता आले नाही. पण सायकलवाले दिसताच रेवसच्या बाजूने गावोगाव कुकारे (लांबून दिलेली हाक) येत गेले होते. पोरे हळूहळू ओटीखाली जमली. पेंढ्यापाशी उभी राहिलेली ती तरणी बाई मात्र आपले तान्हे घेऊन दाराआड गेली आणि आम्ही निघेपर्यंत बाहेर आली नाही.

ओहोटीला बाप्यांनी नानांची सायकलही चिखलातून काढून दिली, आणि दुसऱ्या दिवशी जोमा आमच्याबरोबर सडकेने चालत आला. प्रत्येक गावाच्या वेशीवर तो पुढे होई आणि "पाव्हनं हायत, पाव्हनं" असे ओरडे. पोयनाडच्या अलीकडून तो परतला. पुढच्या पहिल्याच वाडीत आम्ही सायकलींवरून उतरलो, त्या हातात धरून चाललो, आणि मी माझ्या बारीक आवाजात पाहुणे आहोत म्हणून सांगत गेलो. तरी एका बाईने अंगणातले मूल उचलले आणि आत धावली. दाराला अडसर लावल्याचा आवाज आम्हां दोघांनाही ऐकू आला. अलिबागचा बेत आम्ही तिथेच सोडला आणि धरमतरची आगबोट धरली.

परतीच्या बोटीत मला पाण्याचे भय वाटले नाही, असे लिहिता आले तर शोभून दिसेल, पण ते खोटे होईल. वाटलेच. फक्त त्याशेजारी आणखी एक गोष्ट येऊन बसली होती. जन्मभर मी सगळ्यांना भीत आलो. आपल्याला भिऊन कोणी तान्ह्या मुलाचे तोंड दाबून धरील, ही कल्पना मला कधी शिवली नव्हती, आणि ते भय माझ्या सगळ्या भयांहून वाईट निघाले.

घरी पोचलो तेव्हा ताईची धाकटी सुमी जिन्यात खेळत होती. मळलेले कपडे, वाढलेली दाढी, पाठीवर गोणी, असा मी अंधाऱ्या जिन्यात उभा होतो. मामा आला म्हणून ती नेहमीसारखी धावत आली आणि माझ्या पायांना बिलगली. तिला उचलून घ्यायला मला थोडा वेळ लागला.