झाकणावरचं हसू

चहाला उकळी येत होती आणि मंजनकाकू ओट्यापाशी बाभळीची वाळकी साल खलबत्त्यात कुटत होत्या, तोच मागच्या दाराची कडी वाजली. मागच्या दारानं येतो तो एकतर घरचा, नाहीतर तोंड लपवणारा. दारात दीर उभा होता. मफलर कानापर्यंत गुंडाळलेला, उजवा गाल टम्म.

"वहिनी, दाढ," एवढंच तो म्हणाला.

बारा वर्षं काकूंनी हा दिवस मनात घोळवला होता. त्यांनी त्याला स्टूल दिलं, गॅस बारीक केला आणि पुन्हा साल कुटायला घेतली. सावकाश.

दुकान नवऱ्याचं, पण मंजन काकूंचं. हिरड्यांसाठी बाभूळ आणि डाळिंबाचं साल, ठणक्याला लवंग. एकेक जिन्नस त्या स्वतः पारखून घेत. नवरा गेला आणि वर्षाच्या आत दिरानं स्वस्तातल्या लवंगेचं पोतं आणलं. काकूंनी त्यातल्या मूठभर पाण्यात टाकल्या. सकस लवंग पाण्यात बुडते किंवा ताठ उभी राहते. या सगळ्या आडव्या तरंगल्या. तेल आधीच काढून घेतलेल्या, नुसत्या काड्या. काकूंनी ते कामगारांदेखत बोलून दाखवलं. दीर हसला आणि म्हणाला, वहिनींना आता विश्रांतीची गरज आहे. दुसऱ्या दिवसापासून दुकान त्यांना बंद. मंजनाच्या डबीच्या झाकणावर मात्र पंचविशीतल्या काकू मोत्यासारखे दात दाखवत हसतच राहिल्या. परवा भाजीवालीनं भर रस्त्यात अडवून सुनावलं, की काकू, तुमच्या मंजनानं हिरड्यांचं रक्त काही थांबलं नाही. काकूंना मान वर करवेना.

दंतवैद्याकडे जायची दिराची छाती नव्हती. मंजनाचा मालकच तिथल्या बाकावर गाल धरून बसलेला दिसला, तर डबी कोण घेणार?

काकूंनी फळीवरून एक बाटली काढली. त्याच पोत्यातली मूठभर लवंग त्यांनी जपून ठेवली होती. एक त्याच्या हातावर ठेवली.

"तुमचीच आहे भाऊजी. चावा."

त्यानं चावली. कळ तशीच.

"जुनी झाली म्हणाल. पहिल्या दिवशीही अशीच होती."

मग पेल्यातल्या पाण्यात त्यांनी आपली एक लवंग सोडली. ती ताठ उभी राहिली. दिराचा हात पुढे आला, तसा काकूंनी पेल्यावर तळवा झाकला. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही म्हणतात, आणि तो खरंच बोलू लागला. दुकानात परत या, पारख तुमच्याच हाती देतो, कामगारांसमोर माफी मागतो. काकूंनी त्याला पुरतं बोलू दिलं. इतकं गोड त्यांनी कित्येक दिवसांत काही ऐकलं नव्हतं.

"लवंग कळ थांबवेल, दाढ वाचवणार नाही," त्या म्हणाल्या. "ती दंतवैद्यालाच दाखवा. आणि जाताना पुढच्या दारानं जा, सगळ्यांदेखत."

त्यानं मान डोलावली. काकूंनी तळवा उचलला नाही.

"मला परत यायचं नाही, भाऊजी. डबीवरचा माझा फोटो तेवढा काढा."