गाडीवरचा मामा

गारखेड्यातल्या नंबरप्लेटवाल्या चाचांनी माझी नोकरी वाचवली. हे आधीच सांगून टाकतो. पुढं जे सांगणार आहे त्यात मी काही बरा दिसत नाही, आणि मग हे सांगायचं राहून जायचं.

कुणी गाडी घेऊन आलं की चाचा आधी तिच्या पत्र्यावर तळहात ठेवायचे. लेकराच्या कपाळावर ताप बघायला ठेवतात, तसा. मग म्हणायचे, "गोंद को सोचने देव." एवढं म्हणून चहा सांगायचे. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी त्याला चहा संपेपर्यंत अक्षरांमागच्या गोंदाबरोबर थांबावं लागायचं.

अशी टपरी तुम्हीही पाहिली असेल. दारावर नंबरप्लेटांच्या माळा, आत चकचकीत अक्षरांचे डबे. चाचांनी तीस वर्षं लोकांच्या गाड्यांवर गावांची, देवांची, पोरांची नावं चिकटवली. अलीकडं मात्र काढून घ्यायलाच लोक जास्त येत. पक्ष बदललेला माणूस आधी चाचांकडं यायचा, मग नव्या पक्षाच्या ऑफिसात जायचा.

एकदा एक नवरदेव आला. गाडी साधी, लहान इंजिनाची, आणि तसं मागं कंपनीच्याच अक्षरात लिहिलेलं. सोयरीक ठरायची होती, म्हणून ते अक्षर काढून हवं होतं. चाचांनी ते इतकं साफ काढलं की तिथं कधी काही होतं हे कंपनीलाही कळलं नसतं. जाताना फक्त म्हणाले, "लडकी के बाप को चढान पे मत ले जाव."

आता माझं. मी आमगावकडचा, इथून राज्याच्या पार दुसऱ्या टोकाचा. सातवीनंतर शाळा सुटली. फिरत फिरत इथं आलो आणि एका मोठ्या शेतीवाल्याकडं ड्रायव्हर म्हणून लागलो. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. गाडीच्या शेडला लागून त्यांनी मला खोली दिली. म्हणजे नोकरी गेली की त्याच दिवशी खोलीही जाणार. मी मुळातच भित्रा. भाऊंचा फोन आला तरी आधी उभा राहतो, मग उचलतो.

भाऊंची गाडी त्यांच्या मामांनी लग्नात दिलेली. मामा हौशी माणूस. ताटावाट्यांवर नाव घालतात तसं त्यांनी गाडीच्या मागंही घालून घेतलं होतं. चकचकीत अक्षरांत एका ओळीत 'सप्रेम भेट', खाली 'मामा'. दोन वर्षं कुणाला काही वाटलं नाही. मग सोसायटीची निवडणूक लागली आणि मामा-भाचे दोन वेगळ्या पॅनलमध्ये गेले.

भाऊंनी मला बोलावलं. म्हणाले, "उद्या दुपारी फॉर्म भरायला जायचंय. त्याआधी मामा काढ. आन् रंगाला नख लागलं नाय पायजे, न्हाईतर गाव म्हणंल खरवडून काढला."

गाडी परत करण्याचा विषय निघाला नाही. मीही काढला नाही.

चाचा हे काम दोऱ्यानं करतात हे मी लांबून पाहिलं होतं. अक्षराच्या मागं दोरा सरकवायचा आणि करवतीसारखा ओढायचा. म्हटलं, त्यात काय. संक्रांत नुकतीच झालेली, गच्चीवर पतंगाचा मांजा पडलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो शेवटच्या 'मा'मागं सरकवला आणि ओढला. 'मा' निघाला. खाली करंगळीएवढा ओरखडा होता. मी त्यावर थुंकी लावून पाहिली. आता ओला ओरखडा दिसायला लागला.

गाडी चाचांकडं नेली तेव्हा माझ्या हातात तो मांजा तसाच होता. चाचांनी मांजा पाहिला, मग ओरखडा, मग मला.

"काँच का दोरा है ये. पतंग काटते इससे, बाबू. गाडी नहीं."

त्यांनी ओरखड्यावरून नख फिरवलं. नख अडकलं. नख अडकलं की ते पॉलिशनं जात नाही, असं त्यांनी मला शांतपणे समजावलं. मी म्हटलं, मग नोकरी गेली, आणि तिच्याबरोबर भाऊंनी दिलेली खोलीही. मग शेजारच्या सलूनमधून केस वाळवायचं मशीन मागून आणलं आणि अक्षरं ऊन करायला घेतली. बोट टेकवता येईल इतपतच, जास्त नाही. त्यांचा दोरा जायकवाडीच्या मासेवाल्याकडचा, नायलॉनचा, गुळगुळीत. एकेक अक्षर दिवाळीत साच्यातून निघणाऱ्या करंजीसारखं अलगद सुटत गेलं. मधेच कधीतरी गाडीवर नुसतं 'सप्रेम' उरलं होतं. उरलेला चिकटा चाचांनी खोबरेल लावून अंगठ्यानं गोळा केला, साबणाच्या पाण्यानं धुतला. उन्हानं आजूबाजूचा रंग उतरलेला, म्हणून अक्षरं गेली तरी त्यांच्या सावल्या दिसत होत्या. चाचांनी त्याही पॉलिशनं घालवल्या. ओरखड्यावर काडीनं रंग भरला. लांबून दिसत नव्हता. पण भाऊ लांबून बघणारे नव्हते.

दोन वाजता ते स्वतःच टपरीवर आले. वाकले. बोट बरोबर तिथंच ठेवलं.

"हे कुणी केलं?"

मी तोंड उघडलं. नक्की काय म्हणणार होतो ते मला आजही सांगता येणार नाही. चाचा हात पुसत म्हणाले, "मेरेच हात से हुआ, साहब. उमर हो गई."

भाऊ त्यांना बरंच बोलले. तीस वर्षं एकाही गाडीला नख न लावलेला तो माणूस मान हलवत ऐकत राहिला. मी गाडीचं दार धरून उभा होतो.

भाऊ शेजारी फोनवर बोलायला गेले तेव्हा मी चाचांना विचारलं, असं का म्हणालात. ते मशीनची वायर गुंडाळत होते.

"मेरी टपरी वो नहीं निकाल सकता. तेरी खोली निकाल सकता."

निवडणुकीत दोन्ही पॅनल पडली, तिसरंच आलं. मामा-भाचे त्या दुःखात एक झाले. भाऊंनी मला नवीन अक्षरं लावून आणायला सांगितली. मी दुसऱ्या दुकानात गेलो, कारण चाचांकडं जायला मला तोंड नव्हतं. नवा 'मा' बरोबर ओरखड्यावर बसला. आता ओरखडा कुणालाच दिसत नाही. तरी भाऊ लग्नात, बैठकीत, जिथं गाड्यांचा विषय निघेल तिथं सांगत राहिले, त्या म्हाताऱ्याचा हात गेलाय, तिकडं जाऊ नका. मी जवळच उभा असायचो. लोक ऐकायचे. मलाही ऐकू यायचं.

टपरीवर गर्दी कमी होत गेली. मग एक दिवस टपरीच नव्हती. सलूनवाला म्हणाला, चाचा लेकीकडं फर्दापूरला गेले, जावयाचं चहाचं दुकान आहे, तिथं बसतात.

पाहुण्यांना अजिंठा दाखवायला मी दोनदा त्या रस्त्यानं गेलो. दोन्ही वेळा फर्दापुरात गाडीचा वेग वाढवला.

पण चाचा, एक दिवस भाऊंना याच गाडीतून तुमच्यापुढं आणीन. तुमच्याच हातून तो 'मा' काढून घेईन, आणि खाली जे निघेल ते माझं आहे म्हणून सगळ्यांदेखत सांगीन. मग खोली राहो, न राहो.