जिजींच्या नावाची सीडी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, माहेरी नाही, देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा हा विषय शिताफीने टाळते. आज तुम्हाला सांगतेय, कारण मागच्या रविवारी माझ्या भाचीने माझं डोकं फिरवलं.

भाची म्हणजे प्राजक्ता, माझ्या नणंदेची मुलगी. इंजिनिअरिंगला आहे, शिकायला आमच्याकडेच राहते. हल्ली तिला जुन्याचं वेड लागलंय. खोलीच्या भिंतीवर कॅसेटी ओळीने चिकटवल्यात, फ्लॉपीवर चहाचा कप ठेवते, आणि माझा पिवळा पडलेला जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायला काढला तर दारात आडवी उभी राहिली. रविवारी तिने जिजींची सीडी लावली, डोळे मिटले आणि म्हणाली, "मामी, ही खरखर ऐक ना. ह्याला म्हणतात ओरिजिनल. आजीच्या आवाजातला जिवंतपणा आताच्या मशीनमध्ये येणारे का?"

ती खरखर मी घातलीये, बाई.

पण थांबा, असं एकदम नको. नीट सांगते.

जिजी म्हणजे माझ्या सासूबाई. मखमलाबादच्या अंगाला आमचा फुलांचा मळा आहे, शेवंती आणि झेंडू. पण जिजींचं नाव फुलांसाठी नव्हतं, घाण्याच्या गाण्यांसाठी होतं. आमच्यात लग्नाआधी घाणा भरतात. मांडवात जातं मांडायचं, त्याला आंब्याची डहाळी बांधायची, पाच सवाष्णींनी खुंटा धरून हळकुंडं दळायची आणि दळताना गाणी म्हणायची. पार कळवणपर्यंतच्या नात्यातून जिजींना बोलावणं यायचं. त्यांनी सूर लावला की स्वयंपाकाच्या बायका हातातलं लाटणं ठेवून बाहेर यायच्या. खोटं कशाला बोलू? गळा होताच तसा.

मग सासरे गेले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट, माझं लग्न व्हायच्या आधीची. त्या दिवसापासून जिजींनी घाण्याला बसायचं नाही, जात्याला हात लावायचा नाही. गाणंही नाही. का? तर कपाळावर कुंकू नाही म्हणून. सुशीलाताई, म्हणजे माझी नणंद, फार तापट. तिने सासरहून टेपरेकॉर्डर आणला, जिजींना फुलं निवडायच्या शेडमध्ये बसवलं, पंखा बंद केला, कुत्रं बांधून घातलं आणि एका दुपारात कॅसेटच्या दोन्ही बाजू भरून घेतल्या. पुढच्या लग्नात जात्याशेजारी टेप ठेवला आणि बटण दाबलं. आणि गंमत बघा, एकही बाई हूं की चूं बोलली नाही! उघड्या कपाळाची बाई चालत नव्हती, तिचा आवाज चालत होता. जिजी लांब, पाण्याच्या पिंपाशी बसून स्वतःला ऐकायच्या.

छान गोष्ट आहे ना? प्राजक्ता कॉलेजात सगळ्यांना सांगते. लग्न ठरताना ऐकली तेव्हा मलाही आवडली होती — सासरच्या पहिल्या घाण्यापर्यंत.

मी घोटीची. आमच्याकडे भाताची आवणी चालते तेव्हा चिखलात वाकून दिवसभर गाणी म्हणतात. मी त्यात वाढले. माझाही गळा बरा होता. बरा कशाला, चांगला होता. सासरी पहिल्या घाण्याला मी खुंटा धरला आणि पहिली ओळ उचलली, तर चुलतसासूबाई म्हणाल्या, "ए पोरी, थांब गं. जिजींची लाव ना. तू शिकलेली हायेस, तुला बटणं कळत्यात."

मी बटण दाबलं.

मग नऊ वर्षं मीच बटण दाबत राहिले. नात्यात कुठेही लग्न असलं की टेप, कॅसेट आणि मी, तिघांनी जायचं. कॅसेटचा काळ किती गोड होता म्हणून लोक उसासे टाकतात ना, त्यांनी मला विचारावं. माझ्या नशिबी त्या काळातलं फक्त एक बटण आलं. गाणं सुरू झालं की मी एक पाऊल मागे सरकायची. एकदा, एकदाच, मी कॅसेटबरोबर गुणगुणले, तर सगळ्यांनी "श्शू" केलं.

जिजी माझ्याशी कधी वाईट वागल्या का? नाही. हे मुद्दाम सांगते, कारण तुम्ही आता त्यांना खाष्ट सासू ठरवून मला सोडवायला बघाल. त्यांनी मला स्वतःच्या ताटातला पहिला घास दिलाय. फक्त माझं गाणं त्यांनी कधी ऐकलं नाही, आणि ऐकायचं आहे असंही कधी म्हणाल्या नाहीत. ज्यांचं स्वतःचं एवढं हिरावून घेतलेलं, त्यांना दुसऱ्याचं कुठून सुचणार? हे मला तेव्हाही कळत होतं. कळून राग जातो असं मात्र नाही.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही गेली. तोंडातून नुसतं "आं, आं" निघायचं. रोज संध्याकाळी त्या डाव्या हाताने टेपकडे बोट दाखवायच्या. मी कॅसेट लावायची. गाणं सुरू झालं की त्यांच्या डाव्या हाताची बोटं मांडीवर गोल गोल फिरायला लागायची, जातं फिरवल्यासारखी. त्या बाईजवळ आवाज म्हणून जगात तेवढाच उरला होता. हे मला ठाऊक होतं. हे लक्षात ठेवा, मला ठाऊक होतं.

सुशीलाताईच्या मोठ्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा कॅसेट पार झिजलेली. एक कॉपी कळवणला दिली होती, तिच्यावर कुणीतरी क्रिकेटची कॉमेंट्री भरून ठेवली. मी तेव्हा घरी बसून लग्नपत्रिका टाईप करायची, त्यासाठी कॉम्प्युटर घेतला होता, त्यात सीडी लिहायची सोय होती. ताई म्हणाली, "तू कॉम्प्युटरवाली, एवढी सीडी करून दे. आईचा आवाज कायमचा राहील." टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून कॉम्प्युटरच्या पाठीमागे जोडायची आणि कॅसेट वाजवायची, की पडद्यावर आवाजाच्या हिरव्या रेघा उमटतात. सोपं काम होतं.

पहिलं गाणं संपता संपता टेपने फीत खाल्ली. ती आतल्या रबरी चाकाला गुंडाळली गेली. आता त्या पिढीतल्या कुणालाही विचारा, हे रोजचं होतं. मेन रोडच्या गल्लीत टेप दुरुस्त करणारे होते, ते चुरगळलेला तुकडा कापून फीत पुन्हा जोडून द्यायचे. एखादं कडवं गेलं असतं, बाकी सगळं राहिलं असतं.

मी गेले नाही. मी ओढली.

नाही, चुकून नाही. हिसका बसला, घाई झाली, असलं काही नाही. फीत तुटली तरी ओढत राहिले, मांडीवर काळा गुंता होईपर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीच्या पाण्याच्या बंबात टाकली. घरभर प्लास्टिकचा वास सुटला, तर नवरा म्हणाला, "काय जाळतेयस?" मी म्हटलं, कचरा.

वाटलं होतं, सांगून टाकू की कॅसेट गेली. आणि मग मांडवात गाणार कोण? मी! पण लगेच लक्षात आलं, तसं कुणी म्हणणारच नाही. बाजारातून दुसरी कुठली तरी तयार कॅसेट आणतील, आणि बटण दाबायला मला उभं करतील.

म्हणून मी तीन दुपारी, सगळे फुलबाजारात गेलेले आणि जिजी पलीकडच्या खोलीत झोपलेल्या असताना, दाराला गोधडी टांगून माईकपुढे बसले. जिजींची सगळी गाणी मला पाठ होती. नऊ वर्षं दुसरं काय केलं होतं? त्यांच्यासारखीच ओळीच्या शेवटी हेल देत गायले. कॉम्प्युटरवर आवाजाची पट्टी थोडी खाली आणली, म्हणजे वय दिसेल. एका कोऱ्या कॅसेटची नुसती खरखर भरून घेतली आणि ती गाण्याखाली अंथरली. तीच ती खरखर, जी ऐकून प्राजक्ता डोळे मिटते. आणि एक ओवी माझी स्वतःची घातली:

दळण दळीते, जातं ओढीते नेटानं,
माझ्या गळ्याचं कौतुक, नेलं दुसऱ्याच्या ओठानं.

आता ती नात्यातल्या पोरी जिजींची ओवी म्हणून गातात.

कुणी ओळखलं नाही का? ओळखणार कसं? माझा आवाज कुणी कधी पुरता ऐकलाच नव्हता. नवऱ्याने तरी ओळखायचा, पण त्यांना शेवंतीच्या भावापलीकडे काही ऐकू येत नाही. सगळे म्हणाले, काय साफ आलाय जिजींचा आवाज, कॉम्प्युटरची कमाल आहे. पुढे प्रत्येक लग्नात तीच सीडी वाजली. जिजी जाऊन आता तीन वर्षं झाली. त्यांच्या तेराव्याला सुद्धा तीच लावली आणि लोक माझ्या आवाजावर ढसाढसा रडले. मला शरम वाटली का? वाटायला हवी तेवढी नाही वाटली. ते रडणं कुणी फुकट दिलेलं नव्हतं, मी गायले होते.

इथवरचं मी एखाद्या दिवशी प्राजक्ताला सांगूही शकेन. ती हसेल, म्हणेल, मामी, तू भारी आहेस. तिला सांगता येणार नाही ते पुढे आहे.

सुशीलाताईच्या मुलाच्या लग्नातला घाणा. सीडी पहिल्यांदाच वाजणार होती; तोवर संध्याकाळी जिजींनी बोट दाखवलं की मी टेप बिघडलाय म्हणायची. मांडववाल्याचे दोन मोठे स्पीकर, मध्ये जातं, पाच सवाष्णी, आणि कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत जिजी, पिंपाशी. त्यांना नवं लुगडं नेसवलं होतं. मी प्लेअरशी उभी. बटण दाबलं.

पहिल्या ओळीला मी त्यांच्या हाताकडे बघितलं. बोटं फिरत नव्हती. दुसरं गाणं झालं, तिसरं झालं. बोटं मांडीवर तशीच पडून. त्यांनी मान वळवली आणि गर्दीतून नेमकं मला शोधलं. एवढ्या बायका होत्या, त्यांना कुणाकडे बघायचं ते बरोबर कळलं.

मग माझी ओवी आली. त्यांचा डावा हात उचलला गेला आणि खुर्चीच्या दांडीवर आपटला. पुन्हा आपटला. पुन्हा. तोंडातून "आं, आं" निघत होतं. सुशीलाताई ओरडली, "बघा गं, आई ताल धरतीये!" बायकांना उमाळा आला. त्यांनी टाळ्या धरल्या, कुणी डोळ्यांना पदर लावला, चुलतसासूबाई म्हणाल्या, "लय बरं वाटलं बघा जिजींना." जिजी आणखी जोरात आपटायला लागल्या. नजर माझ्यावरच. त्या जीव खाऊन सांगत होत्या की हा माझा आवाज नाही, माझा कुठे आहे, आणि त्या मांडवात ते एकट्या मला कळत होतं.

माझं बोट बटणावर होतं. बंद करता आलं असतं.

मी आवाज मोठा केला. खुर्चीवरचा हात ऐकू येईनासा होईपर्यंत मोठा केला. बायका जात्याभोवती डोलत होत्या, अख्खा मांडव माझ्या गळ्यावर डोलत होता, आणि मला फार बरं वाटत होतं.