स्कॅनसाठी सोडलेली मासळी

आमच्या घरात मासळी बंद झाली ती कुठल्या व्रतामुळे नाही, सांताक्रूझच्या एका स्कॅन सेंटरमधल्या इंजेक्शनामुळे. कोणी विचारलं तर मी एवढंच सांगतो. बाकीचं इथे लिहितो, कारण लिहिताना मध्ये कोणी बोलत नाही.

बायकोच्या आतड्यात गाठ निघाली होती. किमो सुरू करायच्या आधी रोग कुठवर पसरलाय ते बघायला सीटी स्कॅन सांगितला होता, डाय टाकून. डाय हा शब्द मला हॉस्पिटलात शिकावा लागला नाही. तरुणपणी मी गिरणीच्या रंगखात्यात होतो. कोपरापर्यंत हात निळे असायचे, लग्नाच्या फोटोतही माझ्या नखांत रंग आहे. पण इथली डाय बघितली तर पाण्यासारखी. मी तिथल्या माणसाला विचारलं, यात रंग कुठाय? तो म्हणाला, बाबा, हा रंग फक्त मशीनला दिसतो. यात आयोडीन असतं, त्यामुळे रक्ताच्या शिरा आणि गाठ फोटोत उठून दिसते.

सुई लावायच्या आधी त्याने हिला एकेक विचारून घेतलं. दमा आहे का, साखर आहे का, किडनीचा काही त्रास, कुठल्या औषधाने अंगावर उठतं का, मासे किंवा कोळंबी खाल्ली तर काही होतं का. या शेवटच्या प्रश्नाला ही हसली. मालवणकडची बाई, तिला मासळीने काय व्हायचंय.

"मासे गावले नाय तर होता," म्हणाली.

तो माणूसही हसला. तिचं ते हसणं मला आठवतं, कारण नंतर बरेच दिवस ते दिसलं नाही.

मी बाहेर बाकड्यावर बसलो. आत काय झालं ते तिने मागाहून सांगितलं. औषध शिरलं तशी गळ्यापासून खाली गरम लाट गेली आणि तिला वाटलं की आपण कपड्यांत लघवी केली. लाजेने मेल्यासारखी झाली. तिथल्या मुलीने सांगितलं की मावशी, सगळ्यांना तसं वाटतं, काही झालेलं नाही. ते खरंच होतं, कपडे कोरडे होते. पण मग तळहात खाजायला लागले. मला आत बोलावलं तोवर अंगभर गांधी उठल्या होत्या, ओठ सुजले होते आणि आवाज घोगरा झाला होता. घसा आवळतोय असं खुणेने दाखवत होती. डॉक्टरने मांडीत इंजेक्शन दिलं, नाकाला ऑक्सिजन लावला. हळूहळू उतरलं. दुपारपर्यंत त्यांनी आम्हाला सोडलं नाही.

निघताना डॉक्टरने त्या औषधाचं नाव लाल शाईने लिहून दिलं. हा कागद प्रत्येक वेळी दाखवायचा, पुढच्या स्कॅनला आधी गोळ्या घ्याव्या लागतील, औषधही बदलून देतील, असं बजावलं. मासळीबद्दल तो एक शब्द बोलला नाही. हे मी नाकारत नाही.

पण प्रश्न विचारला होता की नाही? उगाच कोण विचारतं? आणि बाकड्यावर माझ्या शेजारी बसलेला एक गृहस्थ म्हणाला की समुद्राच्या मासळीत आयोडीन भरपूर असतं. मग माझ्या डोक्यात सगळं जुळलं. रंगखात्यात नवा रंग घालायच्या आधी टाकी धुऊन स्वच्छ करावी लागते. जुन्याचा अंश राहिला तर नवा रंग नीट चढत नाही, कापड डागाळतं. हिच्या अंगात जन्मापासूनच्या मासळीचं आयोडीन, त्यावर यांनी आणखी आयोडीन घातलं. त्या गांधी मला डागाळलेल्या कापडासारख्याच दिसल्या. पुढचा स्कॅन तीन महिन्यांनी होता. तोवर हिचं अंग धुऊन काढायचं, मी ठरवलं.

कांदिवलीला दिलेली आमची लेक ऑफिसात नोकरी करते. तिला कळलं तशी ती आली आणि माझ्याशी वाद घालत बसली. डॉक्टरांनी असं सांगितलंय का, हेच पुन्हापुन्हा. मी म्हटलं, डॉक्टर सगळं सांगत बसत नाहीत, माणसाने समजून घ्यायचं असतं. ती म्हणाली, मी फोन करून विचारते. मी म्हटलं, या घरात अजून मी आहे. तेव्हा पदर खोचलेल्या आईकडे बघून ती म्हणाली, "आई, यांच्या डोक्यात एकदा रंग चढला ना, की कुठल्या साबणाने जात नाही." दोघी हसल्या. मी हसलो नाही.

सुकटीचा आणि सुक्या बोंबलांचा डबा मी शेजारणीला देऊन टाकला. हिला सांगितलं, तू श्रावण पाळतेस ना, तसाच हा एक श्रावण समज. ती बरं म्हणाली. माझा शब्द तिने कधी मोडला नव्हता. मीही खाणं सोडलं. बाहेर, कोणाच्या लग्नात, कुठेच मासळीला हात लावला नाही. तिला एक आणि मला एक असं मी केलं नाही, हे आजही मान वर करून सांगतो.

पण श्रावण संपतो. हा संपेना.

किमो सुरू झाला आणि तिचं अन्न तुटलं. प्रत्येक खेपेला आधी काट्यावर उभी करायचे. कॅन्सरचे डॉक्टर म्हणाले होते, वजन टिकवा, फार उतरलं तर मला किमो थांबवावा लागेल. म्हणजे तिने खाणं हेच तिचं औषध. अंड्याचा वास आला की तिला उलटी व्हायची. कोंबडी तिने माहेरीही खाल्ली नव्हती. डाळ आणि भात मी भरवायचो, ती तोंडात घोळवत बसायची. एकदा संध्याकाळी शेजारणीने बोंबील भाजले. ही उठून दारापाशी जाऊन बसली. म्हणाली, जवळ्याची चटणी चिमूटभर दिलीत तर पेज जाईल. मी म्हटलं, स्कॅन होऊ दे. तिने पुन्हा मागितली नाही.

दुसऱ्या स्कॅनला अंधेरीच्या हॉस्पिटलात नेलं. आधी किडनीसाठी रक्त तपासलं. आदल्या दिवशीपासून गोळ्या दिल्या, पाणी भरपूर प्यायला सांगितलं. मी लाल शाईचा कागद दाखवला. तिथे डॉक्टरीणबाई होत्या, माझ्या लेकीपेक्षा लहान. त्यांनी औषध बदललं आणि सुई जाईपर्यंत स्वतः शेजारी उभ्या राहिल्या. या वेळी काही झालं नाही. एक गांध नाही, खाज नाही.

मला इतकं बरं वाटलं की मी न विचारताच सांगितलं. म्हटलं, तीन महिने मासळीचा तुकडा जाऊ दिला नाही पोटात, म्हणून आज निभावलं.

बाईंनी एकदा हिच्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "कोणी सांगितलं तुम्हाला हे?"

मी म्हटलं, सांगायला कशाला हवं, आयोडीनला आयोडीन.

"बाबा, आयोडीन मिठातही असतं. मीठ बंद केलं होतंत का?"

मी लाल शाईचा कागद घडी करून खिशात ठेवला.

"मासळीचा याच्याशी काही संबंध नाही. यांना त्रास झाला तो त्या औषधाने. ज्यांना मासळीची ॲलर्जी असते ती मासळीतल्या दुसऱ्या गोष्टीची, आयोडीनची नाही. आणि यांना तर तीही नाही. यांना मासे द्यायला हवे होते हो. किती उतरल्यात."

मी विचारलं, मग आज काही झालं नाही ते कसं? त्या म्हणाल्या, गोळ्या आधी दिल्या आणि औषध बदललं म्हणून. तरीही झालं असतं एखाद्या वेळी, म्हणून तर मी उभी होते.

लेक बाजूलाच होती. ती जमिनीकडे बघत राहिली. काही बोलली असती तर मी तिच्याशी भांडलो असतो.

मायलेकींना रिक्षाने घरी पाठवलं आणि मी वाकोल्याच्या बाजारात गेलो. कोळीण म्हणाली, काय बाबा, गावाला गेला होतात काय इतके दिवस. मी हो म्हटलं. बांगडे घेतले, कल्ले लाल असलेले, ताजे. लेकीने आईच्या पद्धतीने तिरफळं घालून आमटी केली, दोन तळले. वास घरभर झाला. हिला उशीला टेकवून बसवलं, ताट मांडीवर दिलं. तिने घास केला, तोंडात धरला. बराच वेळ धरला. मग हळूच हातात काढला.

"चव लागणा नाय," म्हणाली. "लोखंड चघळल्यासारख्या वाटता."

लेक म्हणाली, किमोने तसं होतं, येईल चव. मी ताट उचलायला गेलो तर तिने हात धरला. तळलेला बांगडा तिने बोटांनी उघडला, मधला काटा अख्खा ओढून ताटाच्या कडेला ठेवला, जसा जन्मभर माझ्यासाठी ठेवत आली तसा. आणि ताट माझ्याकडे सरकवलं.

"तुमी पण सोडला होतास मां. जेवा आता. मी बघतंय."

मी जेवलो. सगळा बांगडा खाल्ला. ती बघत होती.

पुढच्या खेपेला काट्यावर उभी केली तेव्हा डॉक्टरांनी आकडा बघितला, फाईल मिटली आणि किमो थांबवू या म्हणाले. दिवाळी तिने बघितली नाही.

मासळी चालू ठेवली असती तर वजन टिकलं असतं का, की आजारच तसा होता, हे मी कोणाला विचारलेलं नाही. त्या डॉक्टरीणबाईंना विचारता येईल. अंधेरीला एका बसने जाता येतं, माझे पाय अजून धड आहेत. पण त्या बाई विचारलं की खरं सांगतात.

लेक रविवारी येते, बांगड्याची आमटी घेऊन, तिरफळं घातलेली. तो विषय काढत नाही. मी जेवतो. काटा आता माझा मीच काढतो.