नखानं पाहणाऱ्या गयाबाई

गयाबाई स्टील डोळ्यांनी पाहत नसत. समोर ताट ठेवा नाहीतर रिव्हॉल्व्हर, आधी त्या डोळे मिटायच्या आणि अंगठ्याचं नख त्यावरून हळूच ओढत न्यायच्या. नख कुठे किंचित अडलं की म्हणायच्या, "हितं वरखडा हाय." आम्ही भिंग घेऊन शोधायचो आणि तो बरोबर तिथेच सापडायचा. "डोळ्याला चमक फसवती," असं त्यांचं म्हणणं. "नखाला न्हाई फसवता येत."

परभणीत आमचं परवानाधारक बंदुकांचं दुकान आहे. रानडुकरांना कंटाळलेले शेतकरी, बँकेचे पहारेकरी, फौजेतून निवृत्त झालेली मंडळी, ही आमची गिऱ्हाइकं. शस्त्रपूजा जवळ आली की पॉलिशला रांग लागायची. गयाबाई आमच्याकडे येण्याआधी वीस वर्षं स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात बफच्या, म्हणजे चमक आणणाऱ्या कापडी चाकावर होत्या. कारखाना बंद पडला तेव्हा त्या दुकानात आल्या आणि वडिलांना म्हणाल्या, "तुमच्या बंदुकी इस्टीलच्याच ना? मग मला जमल." वडिलांनी गंजाचे डाग पडलेली एक नळी दिली. दुसऱ्या दिवशी ती पाहून त्यांनी गयाबाईंना कामावर ठेवलं.

कामाला बसण्याआधी त्यांचा एक नेम होता. शस्त्र कुणीही आणून देवो, तो म्हणो की रिकामं आहे, गयाबाई म्हणायच्या, "उघडून दाखवा." मग गोळ्यांच्या चक्राची सगळी भोकं उजेडाकडे धरून स्वतः एकेक पाहायच्या. माझ्या वडिलांनी दिवसात दहा वेळा दिलं तरी दहा वेळा. वडील चिडायचे नाहीत. उलट ते गिऱ्हाइकाला कौतुकानं सांगायचे, आमच्या बाई माझ्यावरही विश्वास ठेवत नाहीत.

काम करायच्या त्या पाणीपेपरनं, म्हणजे पाणी लावून घासायच्या काचकागदानं. आधी खरखरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक. एक कागद उभा चालला की पुढचा आडवा, म्हणजे आधीच्या रेषा गेल्या की नाही ते कळतं. मधला एखादा कागद गाळून मी घाई करायला गेलो की हात धरायच्या. "गाळलेला कागद शेवटाला हसतो," म्हणायच्या. आणि खरंच, सगळी झळाळी आल्यावर एक जाड रेघ दात काढून उभी राहायची.

वडील गेल्यावर दुकान माझ्याकडे आलं. मी सव्वीस वर्षांचा होतो. मी मोटरवर चालणारं पॉलिशचं मशीन आणलं, हातात धरायचं, वेगाचं बटण असलेलं. गयाबाईंनी ते उचलून पाहिलं, चालवून पाहिलं, आणि खाली ठेवलं. "चांगलंय. पण ह्याला थांबायचं कळत न्हाई. ते आपल्याला कळावं लागतंय. नंबराजवळ न्यायचं न्हाई." शस्त्रावर ठोकलेला, परवान्यात नोंदलेला नंबर म्हणजे त्याची ओळख. मी मान हलवली.

गयाबाई भाचीच्या लग्नाला येलदरीला गेल्या असताना बोरीचे हवालदार आले. फौजेतून निवृत्त होऊन ते बँकेच्या रोकड गाडीवर पहारेकरी होते. त्यांचं स्टीलचं रिव्हॉल्व्हर आरशासारखं करून हवं होतं, कारण सोमवारी परवान्याच्या नूतनीकरणासाठी ठाण्यात शस्त्राची तपासणी होती. त्या दिवशी गुरुवार होता. मी म्हटलं, आपणच करू.

दहा मिनिटांत मी मशीननं त्या शस्त्राची वाट लावली. सपाट अंगावर लाटा उठल्या, धारदार कडा गोल झाल्या, आणि नंबरातले शेवटचे दोन आकडे पुसट झाले. आकडे वाचता आले नाहीत तर कायदा त्याला नंबराशी केलेली छेडछाड मानतो. हवालदारांचं शस्त्र जप्त होणार, नोकरी जाणार, आणि वडिलांनी तीस वर्षं सांभाळलेला आमचा परवानाही.

शुक्रवारी सकाळी गयाबाई आल्या. रिव्हॉल्व्हर उघडून पाहिलं, डोळे मिटले, नख फिरवलं. नंबरापाशी नख थांबलं.

"हे कुणी केलं?"

"मी."

"हवालदाराला सांगितलं?"

"नाही. तुम्ही आधी नीट करा, मग सांगतो. नाहीतर हे दोन आकडे पुन्हा ठोकून घेऊ का?"

त्यांनी रिव्हॉल्व्हर फडक्यावर ठेवून दिलं. "नंबराला ठोका घातला की आपण चोर झालो. आधी फोन लावा. मग मी हात लावीन."

मी फोन लावला. हवालदार दुपारच्या एसटीनं आले. त्यांनी शस्त्र बराच वेळ निरखलं. मग माझ्याकडे पाठ केली. गयाबाईंना म्हणाले, "बाई, होईल का?"

"नंबर मेला न्हाई, दबलाय. पालिशचा मसाला भरलाय त्यात. काढते."

त्यांनी बांबूची कामटी सुईसारखी तासली, रॉकेलमध्ये बुडवली आणि एकेका आकड्याच्या खोबणीतून काळा मसाला उकरून काढू लागल्या. संध्याकाळपर्यंत फक्त तेवढंच. आकडे वर आले, पण शेवटचे दोन उथळच होते. शनिवारी त्यांनी नंबरावर चिकटपट्टी लावली आणि लाकडाच्या सपाट पट्टीला कागद गुंडाळून भोवतालच्या लाटा उतरवायला घेतल्या. हवालदार शेजारी स्टुलावर बसून होते. दुपारी गयाबाईंनी ती पट्टी माझ्या हातात दिली. "दुसरी बाजू तुमी करा. चुकी तुमची, खांदा माझा कशाला दुखवायलाव?"

रविवारी शेवटचा हात त्यांनी एकाच दिशेनं फिरवला आणि थांबल्या. मंद, रेशमासारखं तेज आलं होतं. मी म्हटलं, "यांना आरसा हवा होता."

"आरशात तोंड दिसतंय," गयाबाई म्हणाल्या. "नंबर न्हाई दिसत."

सोमवारी आम्ही तिघं ठाण्यात गेलो. काय झालं होतं ते हवालदारांनी स्वतःच आधी साहेबांना सांगितलं. साहेब रिव्हॉल्व्हर घेऊन खिडकीशी गेले. त्या मंद तेजावर शेवटचे दोन उथळ आकडेही स्पष्ट उठून दिसत होते. साहेबांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळा नंबर एका दमात वाचला, खुर्चीत येऊन तो परवान्याशी ताडला, सही केली. मग शस्त्राच्या अंगावरून तळवा फिरवत विचारलं, "कुठल्या मशीनवर केलं हे?"

हवालदार बाजूला सरकले आणि मागे दाराशी उभ्या असलेल्या गयाबाईंना पुढे केलं. "ह्या, साहेब."

साहेब उठून उभे राहिले आणि त्यांनी गयाबाईंना खुर्ची दिली. त्या बसल्या, पदर नीट केला, आणि चहा घेऊनच उठल्या.

पुढच्या आठवड्यात हवालदार आणखी सात माजी सैनिकांना घेऊन आले. प्रत्येकाजवळ पॉलिशचं काम होतं आणि अट एकच, मालकानं हात लावायचा नाही. ती अट मी आनंदानं मान्य केली आणि गयाबाईंना विचारलं, तुम्हाला काय हवं? त्या जरा लाजल्या. "हजारो भांडी चमकावली, त्यावर नावं लोकायची पडली," म्हणाल्या. "माझं नाव कुठं न्हाई. बोर्डावर लिवा."

पेंटर आला. दुकानाच्या नावाखाली पिवळ्या अक्षरांत लिहिलं गेलं: 'शस्त्र पॉलिश – गयाबाई'. त्या रस्त्यापलीकडे जाऊन उभ्या राहिल्या, आणि पेंटर शिडी घेऊन निघून गेला तरी हलल्या नाहीत.

पुढे खांद्यानं साथ सोडली आणि त्या मुलीकडे सेलूला राहायला गेल्या. निघताना मी म्हटलं, बोर्ड तसाच ठेवतो. त्या म्हणाल्या, "ठेवा. पण काम बिघडलं तर शिव्या मला बसतेल, ध्यानात असू द्या."

आता पॉलिश मीच करतो, त्यांच्यासारखं डोळे मिटून नखानं पाहत, एकही कागद न गाळता. पहिल्यांदा येणारं गिऱ्हाईक बोर्ड वाचून आत डोकावतं आणि विचारतं, गयाबाई आहेत का? मी म्हणतो, बसा, त्यांच्याच हातचं काम मिळेल. अजून एकही जण तक्रार घेऊन परत आलेला नाही.