नाल्याच्या चढासाठी कॅमशाफ्ट

आमच्या घरात यंत्रावर बोलायचा अधिकार थोरल्या भावाचा. माझा अधिकार गाडी ढकलायला माणसं गोळा करण्यापुरता.

सत्तरच्या दशकात भावाने लिलावातली जुनी पेट्रोल जीप घेतली आणि कामरगाव-कारंजा माणसं न्यायला सुरुवात केली. चारही चाकांना ताकद देणारा तिचा भाग लिलावाआधीच कुणीतरी काढून नेला होता. चालवायचो मी. म्हणजे नाल्यापर्यंत. तिथे सगळे खाली उतरायचे, मी राजासारखा स्टेअरिंग धरून बसायचो आणि भाडं दिलेली माणसं मला चढावर ढकलत न्यायची. त्याच रस्त्यावरचा दुसरा जीपवाला शेजारून जाताना ओरडायचा, "ढकला मावशी, ढकला! तिकिटातच हाये ते!" हळूहळू मावशीसुद्धा त्याच्या गाडीत बसू लागल्या.

शेवटी मिस्त्रीने इंजिन उघडलं. कॅमशाफ्ट झिजला होता. कॅमशाफ्ट म्हणजे फुगवटे असलेला लोखंडी दांडा. तो फिरतो तसे वॉल्व्ह उघडतात, मिटतात आणि इंजिन श्वास घेतं. आमच्या दांड्याचे फुगवटे पार बसले होते.

भाऊ म्हणाला, "हे शेवटचं काम. यानंतरबी नाल्यावर ढकला लागली तं गाडी इकून टाकीन, अन् तू वावरात वखरामागं."

अकोल्याच्या भंगार बाजारात आमच्या इंजिनाला बसणारे दोन शाफ्ट निघाले. एक साधा. दुसरा कुणा हौशी माणसाने शर्यतीसाठी घासून घेतलेला, वॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा.

"ये डालो सेठ, गाडी उडेगी," दुकानदार म्हणाला.

सेठ म्हटल्याबरोबर भाऊ दुकानातच उडाला. खरं सांगायचं तर मीही उडालो. त्या जीपवाल्याच्या तोंडावर आमची धूळ बसलेली मला दिसायला लागली.

सोबत आलेला मिस्त्री म्हणाला, "उडन, पन इंजिन जोरात फिरत असन तंच. हळू फिरलं तं हा दमच धरत नाई. तुमची गाडी कशी फिरते, तुमीच सांगा."

आता आली पंचाईत. इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा आमच्या जीपमध्ये नव्हता. स्पीडचा होता, तो कायम शून्यावर. मी डोळे मिटले आणि गाडी आठवली. आठवलं काय, तर मागच्या सीटवरच्या मावशी. कामरगावला सुरू केलेलं सुनेचं गाऱ्हाणं त्या आवाज न चढवता कारंजापर्यंत न्यायच्या, आणि पुढे बसून मला त्यातला शब्द न् शब्द ऐकू यायचा. बैलगाड्या, खड्डे, काळ्या मातीचा चिखल. आमचं इंजिन जोरात कधी फिरतच नव्हतं.

"साधा घ्या," मी म्हणालो.

"काहून बे?"

"आपल्या गाडीत लोकाइचं बोलनं आयकू येते."

भावाने माझ्या कपाळाला हात लावला. "ताप तं नाई." मग मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्री हसला आणि त्याने साधा दांडा उचलला.

दांडा बसवल्यावर पहिल्याच बाजाराच्या दिवशी गाडी खचाखच भरली. नाला आला तशा मावशी सवयीने पदर खोचून उतरायला लागल्या.

"बसा मावशी."

"नाई रे बाबा. मागं घसरली तं?"

"बसा म्हनतो नं!"

मी आवाज करडा काढला. पहिला गिअर टाकला. चढाच्या मधोमध इंजिन इतकं हळू झालं की त्याचा एकेक ठोका ऐकू यायला लागला. मी मनातल्या मनात वखराला बैल जुंपले. पण एक ठोका पडला, मग दुसरा, मग तिसरा. गाडी दम धरून सरकत राहिली आणि वर आली.

"चढली वं माय!" मागून कुणीतरी ओरडलं.

सपाटीवर तो जीपवाला नंतरही आम्हाला मागे टाकत राहिला. जाऊ दे बिचाऱ्याला.

संध्याकाळी स्टँडवरच्या टपरीत भाऊ सगळ्यांना सांगत होता, "शर्यतीचा भेटत व्हता, आमीच नाई घेतला. आपल्या रस्त्याले साधाच पाह्यजे."

"कोनं निवडला?" टपरीवाल्याने विचारलं.

भावाने बशीतला चहा संपवला. मग माझ्याकडे हनुवटी करून म्हणाला, "ह्या येड्यानं," आणि माझ्यासाठी चहा सांगितला. त्या चहाची गोष्ट निघाली की आता आमची मुलं उठून जातात. मी सांगतोच.